कोणते भाऊ, हे विचारायचं नसतं

मी डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना शिकवते. कॉलेज अमरावतीचं की अकोल्याचं, ते सांगणार नाही. अमरावतीकरांनी ते अकोल्याचं समजावं, अकोलेकरांनी अमरावतीचं. तेवढीच दोन्ही गावांना एकमेकांना नावं ठेवायची सोय. माझं माहेर वलगावचं, नोकरी दोन्ही गावांत झाली आणि मधली बरीच वर्षं बडनेऱ्याच्या फलाटावर गेली, एवढी ओळख पुरे.

माझा विषय असा, की कापाकापी करणारे डॉक्टर त्याला विषयच मानत नाहीत. पाणी, संडास, लसी, डास. त्यामुळे वरून कुठलंही बिनमालकीचं काम आलं की ते आमच्या विभागात येऊन पडतं. लग्नघरी ज्याला काहीच जमत नाही त्याच्या हातात पाण्याचा जग देतात ना, तसं. काही वर्षांपूर्वी वर कुणाला तरी साक्षात्कार झाला, की डॉक्टरला रुग्णाची बाजू मांडता आली पाहिजे. झालं. जग माझ्या हातात.

आधी आम्हा शिक्षकांनाच प्रशिक्षण दिलं. एक बाई आल्या होत्या, त्यांनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि डोळे मिटून ‘मी रुग्ण आहे’ असं मनात म्हणायला सांगितलं. माझ्या शेजारचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक ते म्हणता म्हणता झोपले. शेवटी आम्हाला एक वाक्य मिळालं, ते विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यायचं होतं: ‘सर, माझ्या रुग्णाच्या वतीने मला काही मांडायचे आहे.’ हे वाक्य नजरेला नजर देऊन, सौम्य स्वरात, किंचित स्मित करून म्हणायचं. गुण देण्याचा तक्ताही मिळाला. नजर, स्वर, स्मित, सगळ्याला वेगळे रकाने. रुग्णाचं काम झालं की नाही, याला रकाना नव्हता.

वर्गात नाटक बसवायचं असे. रुग्ण म्हणून आम्ही आमच्या विभागातल्या बाबूंना खाटेवर झोपवायचो. बाबूंना तक्रार करण्याचा आयुष्यभराचा अनुभव. ‘औषध मिळत नाही, कुणी विचारत नाही, डॉक्टर तोंड दाखवत नाहीत,’ असं ते इतक्या तब्येतीत म्हणत, की मुलांना बाजू मांडायला मजा येई. एकदा तर भूमिका संपल्यावरही ते थांबेनात, अडकलेल्या वेतनवाढीवर आले. सगळ्यांना चांगले गुण पडले.

या नाटकांत एक मुलगी होती. दर्यापूरकडची, वडील एसटीत कंडक्टर. तिचा आवाज जाड, चांगला भरदार. एप्रिलातल्या जयंतीला वस्तीतल्या माईकवर लहानपणापासून भाषणं करून तो आणखी पिकलेला. नाटकात रुग्णाचा भांडखोर नवरा, दारुडा मेहुणा, गावचा सरपंच, असली सगळी कामं तिच्याकडे. एरवी मात्र सरांसमोर ती आवाज पिळून बारीक करायची आणि पुस्तकी मराठी बोलायची. पहिल्या वर्षी कुणीतरी तिच्या ‘कावून’ला, म्हणजे आमच्याकडच्या ‘का’ला, हसलं होतं, तेव्हापासून. मी स्वतः पुण्यात शिकताना हेच केलं होतं, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं आणि लगेच रागही आला.

मग नाटक संपून खरं काम आलं. प्रत्येकाला वॉर्डातला एक रुग्ण. त्याच्याशी रोज बोलायचं, त्याची अडचण समजून घ्यायची आणि राउंडच्या वेळी ती मांडायची. या मुलीच्या वाट्याला हिवरखेडची एक बाई आली.

बाई चाळिशीची. गावात ब्लाउज शिवते. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत शिवायला कुणी टाकत नाही, म्हणून मजुरीनं सोंगायला गेली आणि विळा डाव्या मनगटाखाली बसला. तालुक्याला वरची जखम शिवली गेली. आतल्या, बोटं वळवणाऱ्या दोऱ्या तुटलेल्याच राहिल्या. आमच्या भाषेत टेंडन, बाईच्या भाषेत नस. पहिली दोन बोटं तिनं कितीही मनात आणलं तरी वळत नव्हती. या दोऱ्या वेळेवर जोडल्या तर जोडल्या. टोकं आखडून मागं सरकली, की मग मोठी खटपट, आणि तरी बोटं पहिल्यासारखी होतील याची हमी नाही. शिलाई मशीनवर उजवा हात काय करतो, हे सगळे पाहतात. कापड सरकवतो तो डावा. तो गेला की धंदा गेला.

बाई वॉर्डात पडून होती आणि तिचं ऑपरेशन रोज उद्यावर जात होतं. शेजारच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेली एक म्हातारी होती. तिचं कुणी फारसं येत नसे. बाई आपल्या धड हातानं तिला पाणी पाजायची, केस विंचरून द्यायची. म्हातारीचंही ऑपरेशन उद्याच होतं. आमच्या वॉर्डात दोन प्रकारचे रुग्ण असतात: फोन आलेले आणि उद्याचे.

फोन म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे मोठा माणूस म्हणजे भाऊ. नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं म्हणजे जवळीक कमी. ‘भाऊंचा फोन होता,’ एवढं म्हटलं की साहेब खुर्चीतून निम्मे उठतात. आणि कोणते भाऊ, हे विचारायचं नसतं. विचारलं म्हणजे तुम्हाला भाऊ माहीत नाहीत, आणि भाऊ माहीत नसणाऱ्याची बदली गडचिरोलीला होते असा सार्वत्रिक समज आहे. त्यामुळे सगळे नुसते मान हलवतात आणि मनातल्या मनात ज्याला ज्या भाऊंची भीती वाटते ते भाऊ धरून चालतात.

अस्थिरोगाचे प्रमुख हे तर या शास्त्रातले तज्ज्ञ. सर्जन म्हणून माणूस फार चांगला, हे मी कुणालाही सांगेन. माझ्या नणंदेचा खांदा त्यांनीच बसवला. हाड मोडलेलं असलं की घाबरत नाहीत, फोन वाजला की घाबरतात. उद्याची यादी ते दुपारी करीत आणि संध्याकाळपर्यंत टेबलावरच्या जुन्या लँडलाइनवर जेवढे फोन येत, तेवढी नावं वर चढत. खालची नावं मुकाट्यानं परवावर जात. तशी ती गेली तरी बोंब होत नसे, कारण खालच्या नावांना बोंब मारता येत नाही.

मुलीनं पहिल्या दिवशी बाईशी तासभर बोलून घेतलं. बाईनं तिला सगळं सांगितलं: दिवाळीचे ब्लाउज अंगावर आलेत, मशीन बंद, रात्री बोटांकडं बघत बसते. मुलगी वाक्य पाठ करून राउंडला उभी राहिली.

प्रमुख आले. मागे त्यांचा लवाजमा. ‘काय मावशी, कशी आहेस?’

‘बरं हाय जी,’ बाई म्हणाली.

माझ्या माहेरी हेच चालतं, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. मोठा माणूस खाटेजवळ येऊन विचारतो, तो मान देतो. मग त्याला रडगाणं ऐकवायचं? पाहुण्यानं ‘कसं चाललं’ विचारल्यावर कुणी घरातलं भांडण सांगत नाही. माझे आजोबा शेवटच्या दिवशीसुद्धा डॉक्टरांना ‘मजेत’ म्हणाले होते. आमचे बाबू जसे तक्रार करतात तशी तक्रार वऱ्हाडातला खरा रुग्ण करत नाही. पण ते नाटक लिहिणाऱ्याला कोण सांगणार?

‘बघा, बरं आहे,’ असं म्हणून प्रमुख पुढं निघाले. तेवढ्यात मुलीनं नजरेला नजर दिली, स्मित केलं आणि बारीक आवाजात म्हणाली, ‘सर, माझ्या रुग्णाच्या वतीने मला काही मांडायचे आहे.’

सगळा लवाजमा थांबला. प्रमुखांनी चष्मा खाली घेतला. ‘वकीलपत्र घेतलंस का गं?’

हशा पिकला. निवासी डॉक्टर हसले, सिस्टर हसल्या, आणि साहेब हसले म्हणून बाईही हसली. त्या दिवसापासून मुलीला कॉलेजात ‘वकीलसाहेब’ म्हणू लागले. मी तक्त्यात तिला नजरेचे पूर्ण, स्वराचे पूर्ण आणि स्मिताचे पूर्ण गुण दिले. त्या महिन्यातली ती सर्वोत्तम कामगिरी होती आणि बाईचं ऑपरेशन परवावर गेलं.

मुलगी माझ्या खोलीत आली. ‘मॅडम, ते वाक्य चालत नाही.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. काय लपवायचं?

मी स्वतः प्रमुखांकडे गेले. चहा मागवला त्यांनी. बाईची बोटं, आखडणाऱ्या दोऱ्या, सगळं मी सांगितलं, जसं काही ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मन लावून ऐकलं. ‘बघू,’ म्हणाले. हा शब्द ज्यानं काढला त्याचा पुतळा प्रत्येक सरकारी आवारात उभारला पाहिजे. मी बोलत असतानाच तो लँडलाइन वाजला, प्रमुख अर्धे उठले, ‘हो भाऊ, हो, उद्याच,’ म्हणाले आणि माझ्यादेखत यादीत एक नाव वर चढलं. ते बाईचं नव्हतं. मी चहा तसाच टाकून निघाले. संताप इतका आला होता, की त्यांच्या शिपायावर उगीच खेकसले.

हे मी मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकून घेऊन गप्पच बसली. गप्प बसणारी ती नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं, आवाजासकट. हॉस्टेलच्या गच्चीवर उभी राहून तिनं मोबाइलवरून तो लँडलाइन लावला. त्या जुन्या यंत्रावर नंबर दिसत नाही.

‘हालो. डाक्टरसाहेब हाय का? भाऊच्या ऑफिसातून बोलून राहिलो.’

‘बोला, बोला ना.’

‘हिवरखेडची बाई हाय तुमच्याकडं, हाताची. कावून लटकवून ठेवलं तिले? भाऊ इचारून राहिले.’

‘नाही नाही, लटकवलं कुठं? उद्या पहिलीच घेतोय. भाऊंना माझा नमस्कार सांगा.’

‘सांगतो.’

आणि तिनं फोन ठेवला. बाजू मांडण्याच्या प्रशिक्षणात हे कुठंच नव्हतं. खोटं बोलणं वाईट, हे मी तिला सांगितलंही, शिक्षक आहे म्हणून. मग तिच्याकडून तो फोन पुन्हा एकदा म्हणून घेतला आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी प्रमुख स्वतः बाईच्या खाटेशी आले. आता ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं.

‘मावशी, आधी नाही का सांगायचं, भाऊंच्या आहात म्हणून?’

‘हाव जी,’ बाई म्हणाली. डॉक्टर जे म्हणतील त्याला तिचं ‘हाव जी’च असे.

‘भाऊ बरे आहेत ना?’

‘बरे हायेत जी.’

बाईच्या ज्या अदबीनं तिला इतके दिवस खाटेवर पाडून ठेवलं होतं, त्याच अदबीनं आता ती भाऊंचीच असल्याचं पक्कं केलं. ऑपरेशन झालं. फार सुरेख झालं, असं तिथले लोक सांगत होते. मी म्हटलं ना, माणूस सर्जन चांगला.

पण केलेल्या कामाची पावती नको का? भाऊंना कळवायला हवं. आता प्रमुखांची पंचाईत झाली. जिल्ह्यात त्या वेळी चालते-बोलते तीन भाऊ होते: एक सत्तेतला, एक विरोधातला आणि एक दोन्हीकडे एकेक पाय ठेवून असलेला. कोणत्या भाऊंचा फोन, हे विचारायचं राहिलं होतं आणि आता विचारणं तर शक्यच नव्हतं. तेव्हा या विद्वान माणसानं तिघांनाही मोबाइलवरून एकच निरोप धाडला: आपण सांगितलेल्या पेशंटचं ऑपरेशन यशस्वी, सेवेची संधी दिल्याबद्दल आभार.

तिघांपैकी एकानंही ‘मी कुठं सांगितलं होतं?’ असं विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. इथं एका बिळावर तीन नागोबा.

पहिले भाऊ स्वतः आले. सोबत सफरचंदांची टोपली आणि फोटोवाला. बाईच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘ताई, आमचा फोन आला होता ना?’

‘हाव जी.’

दुसऱ्या भाऊंचा माणूस दुपारी आला, नारळपाणी घेऊन. ‘बाई, भाऊंनी तुमच्यासाठी किती धावपळ केली, ठाऊक हाय ना?’

‘हाव जी.’

तिसऱ्या भाऊंच्या लोकांनी येण्याचे कष्ट न घेता मोबाइलवर बातमी फिरवली, की हिवरखेडच्या भगिनीचा हात आमच्या भाऊंनी वाचवला आणि बाकीचे दोघे फुकटचं श्रेय लाटून राहिले. संध्याकाळी तिन्हीकडचे कार्यकर्ते वॉर्डाच्या दारात एकमेकांना भिडले. घोषणा झाल्या. सफरचंदं खाटांखाली गडगडत गेली. म्हातारीनं आपल्या खाटेखालचं एक सफरचंद बाईकडून उचलून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. या सगळ्या भानगडीत प्रत्यक्ष रुग्णाच्या पोटात गेलेलं ते एकच फळ असावं.

तिन्ही पक्षांच्या तक्रारी डीनसाहेबांकडे गेल्या: फोन नक्की कुणाचा, ते जाहीर करा. चौकशी समिती बसली. रुग्णाची बाजू मांडायला शिकवते, म्हणजे नीतिमत्ताही माझ्याचकडे, म्हणून अध्यक्ष मी. सोबत डीन आणि अस्थिरोगाचे प्रमुख. ज्यांना फोन आला तेच चौकशी करणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आधी बाईला विचारलं. ‘कुणाचा फोन होता, बाई?’

ती आमच्या तिघांच्या तोंडांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तुमी म्हनसान त्याचा.’

मग वकीलसाहेबांना बोलावलं, कारण तो रुग्ण तिचा होता. मी आदल्या दिवशी तिला बजावलं होतं, की विचारतील तेवढंच बोल. तिचं शिक्षण, तिच्या बापाची आशा, सगळं त्या खोलीत पणाला लागलं होतं. ती आत आली आणि बारीक, पुस्तकी आवाजात म्हणाली, ‘फोन मी केला होता.’

प्रमुख हसले. ‘अगं, फोन मी घेतलाय. पुरुषाचा आवाज होता. पन्नाशीचा माणूस असेल. अधिकाराचा आवाज कसा असतो, ते मला कळत नाही का?’

‘बोलून दाखवू का सर?’

‘नको!’ डीनसाहेब इतक्या जोरात म्हणाले, की दारातला शिपाई आत डोकावला. मग आवाज खाली आणून त्यांनी तिला समजावलं, ‘बेटा, तीन भाऊंनी सांगितलंय की फोन त्यांनी केला. तू तिघांना खोटं पाडणार? निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत.’

ती माझ्याकडे पाहू लागली. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीचा गुन्हा सिद्ध होऊ नये असं मला वाटत होतं, तो गुन्हा घडलाच नाही असं त्या दोघांना वाटत होतं. इतकी एकमतानं चाललेली समिती मी दुसरी पाहिली नाही. अहवालात लिहिलं गेलं, की फोन लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातून, पुरुषाच्या आवाजात आला होता. प्रमुखांनी स्वतः ते वाक्य सांगितलं आणि खाली ठसठशीत सही केली. मीही केली, आणि आनंदानं केली.

बाहेर आल्यावर मुलगी भडकली. चिडली की तिचा खरा आवाज निघतो. ‘मॅडम, खोटं बोलली तं तिघं जन म्हणाले खरं हाय. खरं बोलली तं कोनी आयकाले तयार नाई. मी शिकू काय यातून?’

‘आधी जेव,’ मी म्हटलं. वऱ्हाडात सुचलं नाही की जेव म्हणतात.

बाईचा हात वाचला, हे इथंच सांगून टाकते. बोटं आधी जराशी हलली, मग व्यायामानं वळू लागली. दिवाळी गेली, पण लग्नसराई मिळाली. त्याचा मला फार आनंद झाला, आणि तो आनंद कुणाच्याही टोपलीत बसणारा नव्हता.

पण टाके निघायच्या आधी, बाई वॉर्डात होती तेव्हाच, तिनं मुलीला जवळ बोलावलं. मी तिथंच उभी होते.

‘पोरी, एक इचारू? त्या दिवशी ऑपरेशनले माह्याआधी या बुढीचं नाव होतं. सकाऊन तिले काई खाऊ नाई देल्लं, उपाशी ठेवलं. मंग मले नेलं आन् तिले म्हने उद्या. तवापासून उद्याच हाय.’

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. यादी एकच असते आणि एक नाव वर गेलं की एक खाली जातं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या खालच्या नावाची खाट अशी शेजारीच असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्ही दोघी शिकलेल्या बाया सफरचंदांवर हसत बसलो होतो आणि म्हातारी पाय न हलवता तिथंच पडून होती. पाठीला जखम व्हायला लागली होती.

‘पुन्हा फोन लावू का, मॅडम?’ मुलीनं हळूच विचारलं.

‘आणि मग कोण खाली जाईल?’ मी म्हटलं.

तिनं हातातला मोबाइल खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी तक्ता घेऊन हजर होते. नव्या महिन्याचे गुण भरायचे होते. प्रमुख आले, मागे लवाजमा. म्हातारीच्या खाटेशी थांबले. ‘काय आजी, बरं आहे?’

‘बरं हाय जी,’ म्हातारी म्हणाली.

प्रमुख वळले. मुलगी आडवी उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य तिनं म्हटलंच नाही. स्मित नाही, काही नाही. आणि वर्षानुवर्षं पिळून ठेवलेला तो आवाज तिनं सरळ सोडून दिला, जयंतीच्या माईकवर सोडायची तसा.

‘सर, या आजीले कावून लटकवून ठेवलं?’

प्रमुखांचं पाऊल उचललेलं तसंच राहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. तो आवाज त्यांनी ओळखला, यात मला तिळमात्र शंका नाही. आधी पांढरे पडले, मग लाल झाले, मग माझ्याकडं बघितलं. अहवालावरची त्यांची ठसठशीत सही माझ्या कपाटात होती: लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातून, पुरुषाच्या आवाजात. मी तक्त्यात तोंड घातलं.

‘कोणाचा फोन आहे हिच्यासाठी?’ सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

‘कोनाचाच नाई. मी बोलून राहिली.’

लवाजम्यातलं कुणी हसलं नाही. साहेब हसले नव्हते. सुटायची एकच वाट उरली होती, तिकडं ते वळले. म्हातारीवर वाकून, फार मायेनं म्हणाले, ‘आजी, तुमची काही तक्रार आहे का?’

म्हातारीनं हात जोडले. ‘नाई जी, बरं…’

‘खोटं नको बोलू, बुढे,’ शेजारच्या खाटेवरून बाई म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. तोंड दोनदा उघडून मिटलं. मग म्हणाली, ‘दुखते जी. लय दुखते.’

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हातारीला स्वतः कुशीवर वळवून त्यांनी पाठीवरची जखम पाहिली. ‘उद्या पहिली घ्या हिला,’ निवासी डॉक्टरांना म्हणाले. उद्याच्या यादीत पहिला एका भाऊंचा मेहुणा होता, असं निवासी डॉक्टर पुटपुटले. ‘मग तो दुसरा,’ प्रमुख म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

मी तक्ता भरला. स्मित, शून्य. विहित वाक्याचा वापर, शून्य. सौम्य स्वर, शून्य. नियम म्हणजे नियम. वकीलसाहेब त्या महिन्यात नापास झाली, आणि म्हातारीला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं आत नेलं.